आधी छाननी, मग सोडत

महोदय,

ग्रामीण गॅस वितरकाच्या नेमणुकीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. अर्जदाराचे म्हणणे आले, कंपनीचे आले, वकिलांचेही आले. निकाल लागेपर्यंत त्या गावांतल्या बायकांनी सिलिंडर कुठून आणायचे, यावर मात्र एक ओळ नाही.

आमच्या गावाने हे भोगले आहे. राजीव गांधी ग्रामीण एलपीजी वितरक योजनेच्या सोडतीत माझ्या पुतण्याचे नाव निघाले, आम्ही पेढे वाटले. तपासणीला अधिकारी आले ते त्यानंतर. गोदामासाठी तेव्हा २० बाय २४ मीटर जागा लागे, ती टेप लावून पुरेपूर भरली. पण सातबारा माझ्या नावावर! मी स्टँप पेपरवर दिलेली संमती चालली नाही. चुलता कुटुंबात धरत नाहीत, नोंदणीकृत भाडेपट्टा हवा आणि तोही अर्जाच्या आधीचा, असे सांगून उमेदवारी रद्द केली. मी त्याच दिवशी पट्टा करून द्यायला तयार होतो. पुढे फेरसोडत झाली, तिच्यात निघालेल्याच्या रहिवासी दाखल्यावर तिसऱ्याने हरकत घेतली आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले. उज्ज्वलाची शेगडी घरात असून आमच्याकडे चुली पेटत राहिल्या, कारण भरलेली टाकी आणायची तर तालुक्याला जावे लागे आणि बाईचा रोज बुडे.

वशिल्यापेक्षा सोडत बरी, हे मान्य. २००२ साली सरकारने पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सींचे वाटप सरसकट रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून वादातली ४१३ प्रकरणेच चौकशीला पाठवली. ते भांडण राजकीय वशिल्याचे होते. आताचे भांडण दाखल्याचे, दस्ताच्या तारखेचे आहे आणि तेवढे तहसील व दुय्यम निबंधक कार्यालयातून सोडतीआधीच पडताळता येते. अर्ज फार येतात म्हणून जमत नाही, हे उत्तर मला पटत नाही. कोर्टात जाणाऱ्या वर्षांपेक्षा त्याला कमीच वेळ लागेल.

आणखी एक. सिलिंडर वजन करून देणे वितरकाला बंधनकारक आहे. आमच्या तालुक्याच्या एजन्सीत काटा मागितला की ‘बिघडलाय’ म्हणतात. १४.२ किलो गॅसचे पूर्ण पैसे आम्ही मोजतो. आपल्या बातमीदाराने एकदा तिथे रांगेत उभे राहून काटा मागून पाहावा.

— एक वाचक, जि. परभणी