पहिल्या शुक्रवारचा समाचार

संपादक महोदय,

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गोव्यात अनेक ठिकाणी फादर किंवा नेमलेले सेवक खाटेला खिळलेल्या आजाऱ्यांच्या घरी कोमुन्यांव (ख्रिस्तप्रसाद) घेऊन जातात. उशाशी पांढरा कपडा, खुरीस (क्रूस), मेणबत्त्या, पाण्याचा पेला असतो. प्रार्थना होते आणि मंडळी पुढच्या घराकडे वळतात. त्या घाईत आजाऱ्याची पाठ, पडून राहून तिथे जखम तर होत नाही ना, हे पाहायचे राहून जाते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात ख्रिस्त आजाऱ्याच्या समाचाराविषयी बोलतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दात नुसती भेट नाही, जातीने लक्ष घालणे आहे. आपला ‘समाचार घेणे’ हा शब्दही तेच सांगतो. बाणावलीत जन्मलेल्या सांत (संत) जुझे वाझ यांनी १६९७ मध्ये श्रीलंकेतील कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली, ती हाताने.

तेव्हा परवानगी घेऊन, दार लोटून, बाईची पाठ बाईने आणि पुरुषाची पुरुषाने पाहावी. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागा आधी. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबावा. दाबूनही तो फिका पडला नाही, तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, पण ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. हाडाखाली दबलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, म्हणून हे होते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर घातले तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकेच कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. घरोघरी मायेने दोन चुका होतात: लाल जागेवर तेल चोळतात, त्याने आतले मांस आणखी दुखावते, आणि खाली रबरी कडे (मधोमध भोक असलेली गोल उशी) देतात, त्याची कडाच रुतते. मार्च-एप्रिलच्या घामात आणि पावसाळ्यातल्या दमट अंथरुणात कातडी लवकर सुटते. चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची हवी. कातडी फुटलीच तर घरगुती लेप न लावता आरोग्य केंद्रातल्या नर्सला दाखवावे.

भरवणे हा दुसरा विषय. ज्याला गिळताना ठसका लागतो, त्याला पातळ पेज सोपी वाटली तरी तीच आधी श्वासनलिकेत जाते. दाट पेज बरी. बसवून भरवावे, नंतरही अर्धा तास आडवे करू नये. अशा आजाऱ्याबद्दल फादरना आधीच सांगावे. ओस्तीचा (कोमुन्यांवच्या पवित्र भाकरीचा) लहानसा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर देता येतो, आणि तोही जात नसेल तर कोमुन्यांव द्राक्षारसाच्या रूपातही देता येते. कोमुन्यांवआधीच्या तासभराच्या उपवासाची अट आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे यांना लागू नाही. हे माहीत नसल्याने कित्येक म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या वेळी उपाशी ठेवले जाते.

आजाऱ्यांना तेल लावण्याच्या संस्काराचेही असेच. तो शेवटच्या घटकेसाठीच आहे, या भीतीने फादरना बोलावणे लांबते आणि माणूस शुद्धीत असण्याची वेळ निघून जाते. गंभीर आजार किंवा म्हातारपणाची अशक्तता सुरू झाली की तो घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही.

मुले परदेशी असलेल्या घरात सून किंवा पगारी बाई एकटीच हे सारे करते. ती शेवटची मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) कधी गेली, हे तिला विचारावे. वाड्यावरच्या दोघांनी पाळी लावून आयताराचे (रविवारचे) दोन तास खाटेशी बसायचे ठरवले, तर तिचे मीस होईल आणि थोडी झोपही. बसायला येणाऱ्याने कूस बदलण्याची वेळ आणि औषधांची चिठ्ठी तिच्याकडून आदल्या दिवशीच समजून घ्यावी, म्हणजे तिला मिसेत मोबाइल उघडा ठेवावा लागणार नाही.

— रुग्णसेवेतील कार्यकर्ते, सासष्टी