ट्रकला टाटा

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
19 फेब्रुवारी 2025, शिवजयंती

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही म्हणालात की फोनवर मी नुसतं ‘हो, हो, बरं’ करते, त्यापेक्षा चार ओळी लिही. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर न टाकता मुद्दाम पोस्टानं पाठवतेय. पोचायला दोन-तीन आठवडे लागतील. पप्याच्या आधी तुमच्या हातात पडावं एवढीच इच्छा. कारण पुढे येईल.

आधी आईसाठी. हात बरा आहे. पायरीवर बर्फ गोठला होता, मी घाईत होते, घसरले. डावं मनगट मुरगळलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. आत्याला कुणी सांगितलं की प्लास्टर घातलंय, मला माहीत नाही. पट्टा होता, तोही काढला. तुम्हाला सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, लपवायचं होतं म्हणून नव्हे. आणि ‘एकटी राहतेस’ हे दर फोनला नको म्हणूस गं. हे तीन मजली लाकडी घर आहे. खाली घरमालक आजी-आजोबा, मधे मी, वर एक नर्सबाई. मी पडले तेव्हा पहिला आवाज आजोबांनीच ऐकला. दुसऱ्या दिवशी पहाटे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पायऱ्यांवर मीठ टाकत होता. मलाच लाज वाटली.

खाणं, ऑफिस, थंडी हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडते. या हिवाळ्यात मी एक वेगळंच वेड बघितलं, ते सांगते.

इथे थंडीत बेसबॉल खेळत नाहीत. शेवटचा सामना ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत, पुढचा मार्चच्या शेवटी. मधले पाच महिने मैदान बर्फाखाली. मला वाटायचं तेवढे दिवस लोक गप्प बसत असतील. उलट! आजोबा म्हणतात, खरा हंगाम हाच. याला ते ‘तापल्या शेगडीचा हंगाम’ म्हणतात. पूर्वी माणसं दुकानात शेगडीभोवती बसून कोणता खेळाडू कुठे जाणार याचा खल करायची, तिथून ते नाव आलं. आता शेगडीच्या जागी आजींचं स्वयंपाकघर. दर शनिवारी सकाळी आजोबांचे तीन दोस्त येतात, डोनटचा खोका उघडतो आणि भांडण सुरू. आपल्या पारावर उसाच्या दरावरून चालतं ना, अगदी तसं. संघ बॉस्टनचा, रेड सॉक्स. त्याला ते ‘आपण’ म्हणतात. ‘आपण पिचर (म्हणजे आपला गोलंदाज) घ्यायला हवा होता.’ ‘आपण फसलो.’ गेल्या वर्षी या ‘आपण’नी 162 सामने खेळले, त्यात 81 जिंकले आणि 81 हरले. गणिताच्या मास्तरांना आवडेल असा निकाल, पण या चौघांना ते अजून पचलेलं नाही. सलग तीन वर्षं बादफेरीत जागा नाही.

बाबा, आयपीएलचा लिलाव दोन दिवसांत आटपला, पंतला 27 कोटी मिळाले आणि तुम्ही दोन आठवडे हळहळलात. इथे ते दोन दिवसांचं काम पाच महिने चालतं. डिसेंबरात हुआन सोतो न्यूयॉर्कच्या मेट्स संघाकडे गेला, 15 वर्षांसाठी 765 दशलक्ष डॉलर. मी रुपयांत करून बघितलं, साडेसहा हजार कोटींच्या वर जातात. आजींनी कॉफी ओतता ओतता विचारलं, ‘पंधरा वर्षांनी तो एकेचाळीसचा असेल, तेव्हा पळेल का?’ कुणी उत्तर दिलं नाही.

पण खरं भांडण सोतोचं नाहीच, पोरांचं आहे. इथे मोठ्या संघाच्या खाली उतरंडीसारखे छोटे संघ असतात. अठरा-एकवीस वर्षांची पोरं तिथे वर्षानुवर्षं खेळत वर चढतात. रेड सॉक्सच्या उतरंडीतलं सगळ्यात वरचं मडकं आमच्याच गावात आहे, वूस्टरला. 2021 मध्ये इथे नवं मैदान बांधलं, आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटं. या पोरांचा वर्षाचा किमान पगार 2023 च्या करारात 35,800 डॉलर ठरला. म्हणजे माझ्यापेक्षा कमी! काहींना सही करतानाच मोठी रक्कम मिळालेली असते, ते वेगळं. पण मोठ्या संघात पोचलं की पहिली साधारण सहा वर्षं मुलगा त्या संघाच्या ताब्यात असतो, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं तर स्वस्तात. म्हणून चांगलं पोरगं म्हणजे सोनं. गुप्तहेरासारखे पारखणारे लोक मैदानात बसून प्रत्येकाच्या फलंदाजीला, पळण्याला, फेकण्याला गुण देतात. 20 ते 80. शंभर का नाही, हे मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली.

गेल्या ऑगस्टच्या शेवटी आजी-आजोबा मला सामन्याला घेऊन गेले होते. तेव्हा इथे रोमन अँथनी होता, वय वीस. आणि काइल टील, कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत यष्टिरक्षक म्हणा. आजोबांच्या नातवानं कुंपणाला लटकून टीलची सही घेतली. तो चेंडू आता फ्रिजवर फळांच्या टोपलीत आहे. संत्र्यांच्या मधे.

आणि डिसेंबरात बातमी आली की टीलला शिकागोला देऊन टाकलं. तो आणि आणखी तीन, अशी चार पोरं. त्यातल्या एकाला गेल्याच जुलैत निवडलेलं, पायाच्या दुखापतीमुळे तो संघाकडून एकही सामना खेळलेला नव्हता. बदल्यात एक माणूस, गॅरेट क्रोशे. पंचवीस वर्षांचा डावखुरा पिचर, गेल्या वर्षी 146 डावांत 209 फलंदाज चेंडू नीट मारूच न देता परत पाठवले. तेही शिकागोच्या अशा संघात, जो वर्षात 121 सामने हरला. पण तो आता फक्त दोनच वर्षं संघाच्या ताब्यात राहणार.

झालं! त्या शनिवारी स्वयंपाकघरात दोन तट पडले. एक दोस्त म्हणाला, तयार माल घेतला, छान केलं, पोरांचं काय, दहातली आठ वाया जातात. आजोबा म्हणाले, आपल्या गावात वाढवायची आणि फळ धरलं की दुसऱ्याला द्यायची? मग 2020 निघालं. मुकी बेट्स नावाचा खेळाडू, ज्यानं 2018 ला यांना जेतेपद मिळवून दिलं, त्याला त्या वर्षी लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, आणि त्याच ऑक्टोबरात तो तिकडे जेतेपद जिंकला. गेल्या वर्षी परत जिंकला. हे नाव निघालं की आजी गुपचूप डोनटचा खोका बंद करतात. मग त्याहून जुनं निघतं. 1919 च्या अखेरीला इथल्या मालकानं बेब रूथ या खेळाडूला न्यूयॉर्कला विकलं, आणि पुढचं जेतेपद थेट 2004 ला. 1918 नंतर छ्याऐंशी वर्षं! आजोबांचे वडील वाट बघत गेले. हे सांगताना ते असं बोलतात की मालक शेजारच्या गल्लीत राहतो.

मी विचारलं, टीलला कुणी विचारलं का, जायचंय का म्हणून? सगळे माझ्याकडे बघायला लागले. विचारत नाहीत. फोन येतो, बॅग भरायची. मला एकदम तुमची पाटणची बदली आठवली, बाबा. जिल्हा परिषदेचा तो कागद आला होता, जून उजाडायच्या आत हजर व्हायचं. आईनं लोणच्याच्या बरण्या गोधडीत गुंडाळल्या होत्या, आणि एक तरी फुटलीच, टेम्पोभर वास. मी त्यांना सांगितलं, माझ्या वडिलांचीही अशीच ‘ट्रेड’ झाली होती. आजोबांनी गंभीरपणे विचारलं, ‘बदल्यात कोण मिळालं?’ मी म्हटलं, एक सायन्सचे सर, पण ते आलेच नाहीत. टेबल हसून हसून हललं. टीलवरचं भांडण तिथेच मिटलं.

आता नवीन चाललंय. गेल्या आठवड्यात ॲलेक्स ब्रेगमन घेतला, तीन वर्षं, 120 दशलक्ष. तो तिसऱ्या बेसवर खेळतो आणि तिथे गोल्डन ग्लोव्हसारखं काही बक्षीस मिळवलेला आहे (गोल्ड ग्लोव्ह, आजोबांनी आत्ताच सुधारलं). पण तिसऱ्या बेसवर आधीच राफेल डेव्हर्स आहे, घरचा माणूस. परवा तो फ्लोरिडात पत्रकारांसमोर म्हणाला की ही जागा माझी आहे, मी सोडणार नाही. एका खोलीला दोन भाऊ. पप्या आणि माझं माळ्यावरच्या खोलीवरून जे झालं होतं तेच, फक्त डॉलरमध्ये.

आणि सगळ्यात कळस म्हणजे ट्रक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संघाचं सामान बॉस्टनच्या मैदानावरून फ्लोरिडाला जातं, तिथे ऊन असतं म्हणून सराव तिकडे. वीस हजारांच्या वर चेंडू, हजारभर बॅटी, च्युइंग गम, सूर्यफुलाच्या बियांचे खोके. एक साधा लांब मालट्रक. तो निघताना बघायला माणसं जमतात! खेळाडू नसतात. आजोबा म्हणाले, येतेस का. मी सुट्टी टाकली (एकच दिवस, पगार कापला नाही, काळजी नको). पहाटेची ट्रेन, ती मैदानाच्या शेजारीच थांबते. कडाक्याची थंडी, लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे, संघाचा हिरवा बाहुला नाचतोय. ट्रकनं भोंगा वाजवला, लोकांनी हात हलवले. मीही हलवला. आळंदीहून पालखी निघते तेव्हा आपली आजी अशीच कडेला उभी राहायची, बोलायची काही नाही. इथे देव नाही, ट्रकभर चेंडू आहेत, तरी आजोबांनी टोपी काढली. मग म्हणाले, ‘चला, संपला हिवाळा.’ उणे सहा होतं!

आता कामाचं.

शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबरात गेला. बँकेचा दाखला पप्याला पाठवलाय, तो घेऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या, तलाठ्याकडे नुसतं सांगून होत नाही. पप्याच्या लग्नासाठी ओढ्याकडचं वावर विकायचं अजिबात बोलू नका. मी मार्चमध्ये चार लाख पाठवते, एप्रिलमध्ये दोन. मांडव, जेवणावळ, नव्या सूनबाईंचे दागिने त्यात बसतील. ‘तुझ्या पैशानं भावाचं लग्न?’ असं आत्या म्हणाली, हे मला कळलंय. हो, माझ्या पैशानं. माझ्या शिक्षणाला ते वावर बारा वर्षं गहाण होतं, तेव्हा ती काही बोलली नव्हती.

आमच्या ऑफिसात दोन जणांना कमी केलं हे खरं आहे. माझं नाव त्यात नाही. पुढचं कुणालाच माहीत नसतं.

आत्यानं आणलेलं न्यू जर्सीचं स्थळ. उंची, पगार, ग्रीन कार्ड कितव्या पायरीवर, चार ओळींत सगळं. वाचताना मला त्या 20 ते 80 चीच आठवण आली. मुलगा चांगला असेल, मी वाईट म्हणत नाही. पण माझ्याबद्दल त्यांना काय लिहून पाठवलंय ते आधी मला वाचून दाखवा, मग बघू. आई, ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा लावू नकोस.

आणि बाबा, वैशाखात लग्नाला मला येता येणार नाही.

माझी इथे काम करायची परवानगी चालू आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. एकदा बाहेर पडले की परत यायला मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का मारून घ्यावा लागतो, त्याची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय मुदतवाढीचा अर्ज आत अडकलाय, वकिलाचं म्हणणं, तो निकाली लागेपर्यंत हलू नका. मी तीनदा विचारलं. हे मला जानेवारीपासून माहीत आहे. दर रविवारी सांगायचं ठरवते आणि पप्या पत्रिकेचा नमुना दाखवत बसतो, त्यात ‘माझ्या भावाच्या लग्नाला यायचं हं’सारखं काहीतरी माझ्या नावानं छापायचं म्हणतो. कसं सांगू?

करवलीची साडी धाकट्या काकूच्या मुलीला द्या. माझ्या मापाचं ब्लाउज तिला सैल होईल, दोन टाके घाला, कापू नका.

तुम्हीच पप्याला सांगा. तुमचं तो ऐकतो, माझ्यावर चिडेल.

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुमची,
चिमी

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. पप्याला तुम्ही सांगू नका. या रविवारी मीच सांगते. हे पत्र पोचेल तेव्हा त्याला कळलेलं असेल. आणि चेहऱ्यावरून कळलेलं दिसत नसेल, तर त्या रविवारी फोन आला की आधी त्याच्याच हातात द्या.