आरोग्यमंत्री साहेब, मणक्यात सुई देता तर एक मराठी कागद पण द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

आम्ही केज तालुक्यातले. मोठा भाऊ ऊसतोडीला जातो. मुकादमाकडनं जोडीची उचल घेऊन झालेली अन् दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या कंबरेतनं पायात कळ जायला लागली, गादी सरकली म्हणाले. एका खाजगी दवाखान्यात (नाव घेत नाही) मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, आठ दिवसांत कोयता हातात घ्याल म्हणाले. सही घेतली ती इंग्रजी कागदावर.

संध्याकाळी स्टँडवर त्याच्या डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली अन् त्याला पत्ताच नाही, एका पोरानं पळत आणून दिली. आम्ही हसलो हो साहेब. रात्री सायकलच्या सीटवर टेकतो तेवढी जागा बधिर, वर लघवी तुंबली. फोन केला तर कंपाउंडर म्हणला भूल आहे, सकाळपर्यंत उतरेल. मग काय, बसलो सकाळची वाट बघत.

एमआरआय झाला दुसऱ्या दिवशी दुपारी. मणक्याच्या पोकळीत रक्त साठून नसा दबल्या होत्या, अन् असला दाब काही तासांत मोकळा करावा लागतो म्हणे. ऑपरेशन झालं, आता काठीवर चालतो, पण लघवीची नळी काही निघाली नाही. उचल फिटायची तशीच राहिलीय.

सुईच वाईट असं माझं म्हणणं नाही. सिझरला कंबरेतच भूल देतात, माझ्या बायकोलाही दिली होती, काही झालं नाही. असं क्वचितच होतं, मान्य. पण अमेरिकेत औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं आहे, एफडीए, त्यांनी 2014 मध्येच सांगितलंय की मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शननं क्वचित लकवा, दृष्टी जाणं, मृत्यूसुद्धा होऊ शकतो, अन् ही औषधं मणक्यात द्यायला त्यांची मंजुरीच नाही. तिथल्या पेशंटला हे कळतं, आमच्या भावाला का नाही?

मागणी एवढीच, सरकारी असो का खाजगी, मणक्यात सुई दिली की पेशंटच्या हातात मराठीत कागद द्यायचा. कुठलं औषध, किती डोस, अन् खाली मोठ्या अक्षरात: बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली, पायातला जोर गेला तर सकाळची वाट बघू नका, लगेच या. अन् रात्री डॉक्टर स्वतः उचलतील असा नंबर.

भावाच्या फाईलीत औषधाच्या जागी नुसतं 'इंजे. दिले' एवढंच लिहिलंय.

आपला,
ऊसतोड कामगाराचा भाऊ, ता. केज, जि. बीड