बंड्याचा गळा आणि पुढचे पंधरा दिवस

वर्धा, २१ एप्रिल

प्रिय गजू,

उद्या बंड्याला, तुझ्या पग कुत्र्याला, श्वासाची वाट मोकळी करायच्या ऑपरेशननंतर नागपूरहून घरी आणतो आहेस. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवतो. वहिनींना वाचायला दे, दिवसभर त्याच त्याच्याजवळ राहणार. काकूंना मात्र तू स्वतः वाचून दाखव. का ते पुढे कळेल.

त्याच्या कागदावर तीन कामं लिहिलेली असतील: नाकपुड्या रुंद केल्या, मऊ टाळूचा मागचा लांबलेला भाग कापला आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी उलटून आलेल्या दोन बारक्या पिशव्या काढल्या. पग जातीचं थोबाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानानं कमी झालं नाही. रसवंतीवरची नळी बोटांत चिमटून रस ओढून पाहा, नळीच आत चपटी होते. नाकपुड्या चिंचोळ्या असल्या की श्वास जोरानं ओढावा लागतो आणि त्या ओढीनं गळ्यातलं सैल मांस आत खेचलं जातं, सुजतं, आणखी वाट अडवतं. डॉक्टरांनी वाट मोकळी केली, हे खरं. पण कापलेली जागाही सुजतेच, आणि ती वाटेतच आहे. पहिले २४ ते ७२ तास सूज जास्त असते. म्हणजे तू घरी आणशील तेव्हा तो बरा दिसेल आणि तरीही धोक्यातच असेल.

तेव्हा एकच पाहायचं: त्याला धापा टाकायला लावेल असं काही घरात होऊ द्यायचं नाही. धाप लागली की सूज वाढते, सूज वाढली की धाप वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं तर घरी थांबवणं फार कठीण.

आणि आपल्याकडचा एप्रिल! कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. त्याला तुमच्या मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर ठेव. कूलर चालेल, हवा कोरडी आहे तोवर चांगला चालेल; पण समोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत दमट कोंडतं आणि कूलर नुसताच घोंघावतो. वाळ्याच्या ताट्या मागच्या वर्षीच्या असतील तर बदल, बुरशीची हवा त्याच्या गळ्याला नको. कूलर इन्व्हर्टरवर चालतो का हे आजच पाहून ठेव, लाइन गेल्यावर नको. फार गरम झालं तर पोटाला, जांघेत आणि पायांच्या गाद्यांना पाणी लावून पंखा लाव. ओला टॉवेल अंगावर पांघरू नको, थोड्या वेळानं तोच गरम होऊन उष्णता आत धरून ठेवतो. खाली अंथरलास तर चालेल.

थर्मामीटर डिजिटल घे, टोकाला व्हॅसलीन लाव, गुदद्वारात इंचभर. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ पाहून घाबरू नको. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. १०४ झालं तर आधी पाणी आणि पंखा, मग गाडी. पारा १०३ वर उतरला की पाणी थांबव. आणि तो झटापट करत असेल तर थर्मामीटर राहू दे. एका आकड्यासाठी त्याला दमवणं परवडणार नाही.

त्यापेक्षा श्वास मोज. गाढ झोपला असेल तेव्हा छातीकडे पाहा, मोबाइलवर ३० सेकंद लाव, छाती किती वेळा वर आली ते मोज आणि दुप्पट कर. झोपेत मिनिटाला ३० च्या आत पाहिजे. स्वप्नात पाय झाडत असेल तर थांब, तो आकडा खोटा. रोज रात्री दहाला आणि पहाटे पाचला वहीत लिही. एखादा आकडा काही सांगत नाही; २२, २४, २३ असे चालले असताना ३६ आला तर ते सांगतं.

आवाज दोन प्रकारचे असतात. घोरल्यासारखी घरघर काही दिवस राहील, तिला भिऊ नको. श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर मात्र स्वरयंत्राशीच वाट अडली आहे. हिरड्या गुलाबी पाहिजेत. हिरडी बोटानं दाबून सोड, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. निळ्या, राखाडी किंवा पांढऱ्या दिसल्या, किंवा मान लांब करून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून बसला आणि झोपायलाच तयार नाही, तर फोटो पाठवत बसू नको, गाडी काढ.

ती गाडीही आजच तयार ठेव. डिझेल भरलेलं, रात्रीचा डॉक्टरांचा नंबर स्टेअरिंगजवळ चिकटवलेला. नागपूर दोन-अडीच तासांवर. म्हणून उद्या येतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात थांब, डॉक्टरसाहेबांना डिस्चार्जचा कागद दाखव आणि विचार: सूज उतरवायचं इंजेक्शन आहे का, ऑक्सिजन आहे का, रात्री कोण असतं. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, लिहून ठेव, पण रात्री दोनला त्याच्या भरवशावर बसू नको. बंड्याला बसवण्याआधी दहा मिनिटं एसी चालू ठेव. उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे भट्टी.

आता खाणं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टाळूला टाके आहेत, गिळायचं तंत्र बिघडलेलं आहे आणि पग मुळात अधाशी. घाईत गिळलेला घास श्वासनळीत गेला की दोन-चार दिवसांत फुप्फुसात न्यूमोनिया. दोन आठवडे कोरडं पेडिग्री, पोळी, टोस्ट, हाड, काहीच नाही. पण पातळही नको. पेज, दूध, सूप असलं पातळ चटकन श्वासनळीत शिरतं. शिऱ्यासारखं, हातात गोळा वळेल इतपत घट्ट पाहिजे.

छोट्या गंजात कातडी काढलेलं, हाड नसलेलं चिकन पाण्यात उकड. दोन वाट्या चिकन, दोन वाट्या मऊ भात, एक वाटी उकडलेलं कोहळं, सगळं मिक्सरमधून काढ. मीठ, हळद, तेल काही नको, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच. तर्रीतला तुकडा धुऊन देतो म्हणशील तर तेही नाही. तेलकट खाणं पोटात जास्त वेळ रेंगाळतं आणि उलटून गळ्याशी येतं. हे मिश्रण थंड झालं की बोराएवढे गोळे वळ. दिवसाला पाच वेळा, दर वेळी ५५ ग्रॅम, म्हणजे दिवसाचे २७५, वजनकाटा वापर. एक गोळा हातावरून दे, गिळल्याचं पाहा, तीनपर्यंत मोज, मग दुसरा. ताटलीत ओतून दिलंस तर सगळी मेहनत वाया. खाल्ल्यावर २० मिनिटं त्याला बसतं ठेव, पुढचं अंग वर, मांडीला टेकवून. हे खाणं पंधरा दिवसांपुरतंच आहे. त्यात कॅल्शियम नाही, महिनोन् महिने चालवायचं नाही.

पाणी खोलगट भांड्यात भरून ठेवू नको. ताटलीत तीन-चार चमचे, अर्ध्या-अर्ध्या तासानं. प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवायचं स्टिरॉइड, दिलं असेल तर तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतील. तो वखवखला म्हणून खाणं वाढवायचं नाही. ती गोळी मनानं बंदही करायची नाही, लिहून दिलं आहे तशी उतरवायची. पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे आम्ल कमी करायची गोळी, खाण्याच्या अर्धा तास आधी, एका छोट्या गोळ्यात लपवून, अख्खी. तिच्यावर पोटातल्या आम्लाला टिकणारं आवरण असतं, कुटली की ते गेलं. घरातली दुखण्याची गोळी, ब्रुफेन असो की पॅरासिटामॉल की डायक्लोफेनॅक, अजिबात नाही. स्टिरॉइडसोबत असलं वेदनाशामक दिलं तर कुत्र्याच्या जठराला अल्सर होऊ शकतात. म्हणून ‘त्याला दुखतंय, मेलोक्सिकॅम देऊ का’ हेही आधी डॉक्टरांना विचार.

आता काकूंचं. त्या प्रेमानं कोमट तूप किंवा मध-हळद पाजतील, बैलाला नळीनं पाजतात तसं मान वर करून. गजू, तूप किंवा तेल फुप्फुसात गेलं तर ते तिथून निघत नाही. पातळ औषध द्यायचंच असेल तर सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या आतून, मान सरळ ठेवून, एका वेळी एक मिली. आणि मिरचीची फोडणी, चुलीचा धूर, ऊद, डासांची कॉइल हे सगळं त्याच्या खोलीपासून लांब. बांधावर पऱ्हाट्या जाळत असतील तर त्या दिशेची खिडकी लाव. एका ठसक्यानं टाके ताणतात.

गळ्यात पट्टा आता कधीच नाही. छातीचा पट्टा आण, पण तोही पंधरा दिवसांनी, आणि तो मानेवर चढत नाही ना पाहा. नाक पंजानं खाजवत असेल तर कोन, म्हणजे डोक्याभोवतीचा प्लास्टिकचा शंकू, घालावा लागेल. तो पट्ट्याला न अडकवता बँडेजच्या पट्टीनं सैल बांध, दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. नाकावर खपली धरली तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून नुसता टेकव, ओढू नको. तोंड उघडून टाके पाहायचा मोह सर्वांना होतो. नको. आतले टाके विरघळणारे असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत लाळेत थोडी गुलाबी छटा, पांढरा फेस, खोकला चालतो. लाल ताजं रक्त नाही. खाल्लेलं दिवसात तीनदा उलटून आलं, किंवा तापासोबत खोकला आणि मरगळ आली, खाण्याकडे पाहीना, तर न्यूमोनिया समजूनच धावायचं.

बाहेर फक्त शू-शीसाठी, उचलून न्यायचं, पहाटे आणि दिवस बुडाल्यावर. लग्नसराई आहे, वरात दारावरून गेली तर तो भुंकून भुंकून दमेल. आधीच मागच्या खोलीत नेऊन दार लाव. तरी बेचैन राहत असेल तर शांत ठेवायची गोळी डॉक्टरांकडून उद्याच लिहून घे, त्यात काही वावगं नाही. गावातल्या पोरांनाही पंधरा दिवस दारातूनच परत पाठव.

दोन आठवड्यांनी डॉक्टर तपासतील. त्यांनी हो म्हटलं की पाच मिनिटं चालवायचं, मग हळूहळू दहा. खरा फरक सहा-आठ आठवड्यांनी कळेल. घोरणं थोडं राहीलच. साडेनऊ किलोवरून तो आठवर आला तर त्याचाही मोठा फायदा होईल, पण ते जूनमध्ये बोलू.

उद्या रात्री दहाचा श्वासाचा आकडा मला पाठव. मी जागा आहे.

तुझा,
विन्या

ता. क. — चिकन आजच उकडून ठेव, आणि काटा कुठे ठेवला आहे ते वहिनींना विचारून घे.