रोट म्हणजे प्रसाद नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या कानबाईच्या, म्हणजे खान्देशात घरोघरी बसणाऱ्या देवीच्या, विसर्जनाचा फोटो आपण मंगळवारी पहिल्या पानावर छापलात. डोक्यावर चौरंग घेतलेली बाई, नारळाच्या मुखवट्यावरची नथ, मागे फुगड्या घालणाऱ्या पोरी. फोटो सुंदर होता. खालची ओळ मात्र अशी: 'भाविकांना रोटाच्या प्रसादाचे वाटप'.

रोट वाटत नाहीत. खान्देशात निघणाऱ्या दैनिकाला हे कळवावं लागतंय याचं वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्याआधी रोटाचं दळण होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, बाहेरगावी नोकरीला असलेल्याचाही, पाळण्यातल्याचाही. सोबत हरभऱ्याची डाळ. गिरणीवाला त्या दिवशी गिरणी धुऊन-पुसून ठेवतो, त्याला सांगावं लागत नाही. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी शेजारचं एक पोरगं दारात उभं होतं, मी रोटाचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवायला गेले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "हाऊ रोट आपला कुयना शे, बाहेर जावाले नको." आणि लगेच आत जाऊन त्याला अख्खी पुरणपोळी तूप घालून आणून दिली. त्यांच्या मनात पोराबद्दल दुजाभाव नव्हता. पुरणपोळी वेगळी आणि रोट वेगळा, एवढंच. प्रसाद जितका वाटावा तितका चांगला. रोट कुळाबाहेर गेला की तो रोटच राहत नाही.

हे मला त्यांच्या हयातीत नीट उमगलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकट्या लेकीची समाजशास्त्राची पुस्तकं हाती आली, त्यात उमगलं. एमील द्यूर्केम या फ्रेंच अभ्यासकानं १९१२ साली धर्माची व्याख्या करताना देवाचं नावच घेतलं नाही. पवित्र म्हणून वेगळ्या काढलेल्या, निषेधांनी राखलेल्या गोष्टी, त्यांच्याबद्दलच्या समजुती आणि आचार, आणि ते आचार पाळणाऱ्यांचा त्यातून बांधला जाणारा एक समाज, अशी त्याची मांडणी. हे सगळं त्यानं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल इतरांनी लिहिलेले वृत्तांत वाचून काढलं, स्वतः तो तिकडे गेला नव्हता. पण वाचताना मला सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर जाणवला. राखून ठेवलेलं पीठ, बाहेर न देण्याचा नेम आणि त्या नेमानं वर्षातून एकदा एका ओट्यावर बसणारे, एरवी बांधावरून भांडणारे आमचे भाऊबंद.

अभ्यासाचा शब्द असा घरात येऊन बसला की दुसरेही दिसायला लागतात. आमची थोरली लेक आता आमचा रोट खात नाही, तिचं कूळ बदललं. ते एका दिवसात बदललं नाही. हळद लागल्यापासून तिला एकटीला घराबाहेर सोडत नव्हते. त्या दोन दिवसांत ती धड आमची नव्हती, धड त्यांची नव्हती. आर्नल्ड व्हान जेनेप या विधींच्या अभ्यासकानं १९०९ मध्ये जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू यांच्या विधींचे तीन टप्पे सांगितले: आधीच्या जागेपासून सुटणं, मधली अवस्था आणि नव्या जागी सामील होणं. मधल्या अवस्थेला त्यानं जो शब्द वापरला त्याच्या मुळाशी लॅटिनमधला उंबरठा आहे. माप ओलांडून नवरी घरात घेणाऱ्यांना याहून काय समजवायचं? तरी आपल्या बातम्यांत या सगळ्याला 'कर्मकांड' हा एकच शब्द, आणि तोही नाक मुरडून.

'मिथक' शब्दाचंही तेच झालंय. आपल्या आरोग्य पुरवणीत 'मधुमेहाविषयीची मिथके' असा मथळा होता. ते गैरसमज आहेत, त्यांना गैरसमज म्हणा. मिथक म्हणजे एखादा समाज ज्या कथेवर उभा असतो ती पवित्र कथा. चांगदेव वाघावर बसून आले आणि मुक्ताबाईसह चारी भावंडं भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांच्या देवळात उभं राहून कुणी ती भिंत किती वेगानं चालली असं विचारत नाही. चौदाशे वर्षांच्या योग्यानं एका लहान मुलीला गुरू का मानलं, हा त्या कथेतला प्रश्न आहे.

अंधश्रद्धेबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण मी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाजूची आहे. भूत काढतो म्हणून बाईला मारणाऱ्याला तुरुंगातच घातलं पाहिजे. पण त्या कायद्याची अनुसूची एकदा वाचा. त्यात गुन्हा ठरणारी कृत्यं एकेक करून लिहिली आहेत. कायद्यानं एवढी काळजी घेतली, आणि आपला वार्ताहर मात्र नवसाच्या बोकडापासून गावदेवाच्या शेंदरापर्यंत सगळं एका शब्दात गुंडाळतो. 'अंधश्रद्धा' हा निवाडा आहे, वर्णन नाही. आधी काय घडलं ते सांगा, करणारे त्याला काय म्हणतात ते सांगा. निवाडा अग्रलेखात द्या, तिथे तो शोभतो.

हे मी दुसऱ्यांना सांगते आहे, पण माझ्या हातून याहून मोठी चूक झाली आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी मी सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यात शिक्षिका होते. फेब्रुवारीत पाड्यापाड्यावर फिरून तक्ते भरायचे होते. एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या अंगणात खाटेवर बसून मी विचारलं, "धर्म कोणता?" म्हातारबाबा विचारात पडले. मग म्हणाले, "वाघदेव मानतो. गावदेव मानतो. इंदल करतो." थोडं थांबून, "याहामोगीला जातो." इंदल हा त्यांचा पूजाविधी, याहामोगी त्यांची देवी. माझ्या तक्त्यात सहा धर्मांना सहा आकडे होते, आणि याखेरीज काही सांगितलं तर ते अक्षरांत लिहा अशी सूचना होती. मी घाईत होते. उन्हं चढली होती, पुढचा पाडा लांब होता. मी आकडा टाकला आणि उठले. त्यांनी तो आकडा उच्चारला नव्हता.

त्यांनी उत्तर चुकवलं नव्हतं, माझा प्रश्नच त्यांच्या अंगणातला नव्हता. मराठीत 'धर्म' म्हटलं की दानधर्म येतो, धर्मशाळा येते, शेजारधर्म येतो. तक्त्यातला 'धर्म' मात्र इंग्रजी 'रिलिजन'चा अनुवाद. त्याला एक नाव लागतं, एक रकाना लागतो. इंग्रजांनी १९०१ च्या जनगणनेत अशा लोकांना 'ॲनिमिस्ट' म्हटलं. तो शब्द एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं १८७१ मध्ये रूढ केला, झाडाडोंगरांत आत्मा मानणारे या अर्थानं, आणि त्यांना मानवाच्या प्रगतीच्या अगदी खालच्या पायरीवर बसवून. म्हणजे नाव दिलं तेही दुसऱ्यानंच. धर्मांचा तौलनिक अभ्यास करणारा मॅक्स म्युलर १८७० मध्ये लंडनच्या व्याख्यानात म्हणाला होता की ज्याला एकच धर्म ठाऊक त्याला एकही ठाऊक नाही. त्या अंगणात मला एकच ठाऊक होता.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. माझ्यासारखीच एखादी शिक्षिका सातपुड्यातल्या कुठल्यातरी अंगणात तोच प्रश्न विचारेल. त्याआधी आपल्या दैनिकानं धर्माच्या अभ्यासातले हे शब्द एकेक घेऊन, इथल्याच उदाहरणांनी समजावणारं सदर चालवावं अशी माझी विनंती आहे. विधी, मिथक, पंथ, संप्रदाय, पवित्र, नवस. लिहायला अभ्यासक मिळतील. अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था आहे, खान्देशाला हा विषय परका नाही. मात्र अभ्यासकांच्या बरोबरीनं दळण करणाऱ्या बायांनाही विचारा आणि पावरा म्हाताऱ्यांनाही.

फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी. पुढच्या श्रावणात आपल्या वार्ताहरांना आमच्या घरी कानबाईला पाठवा, मी सगळं दाखवीन. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी पोटभर वाढीन. रोट मात्र देता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव