मोरचूद बागेतच राहू द्या

महोदय,

माशांच्या काचपेटीत दोऱ्यासारखे पांढरे किडे वळवळताना दिसले, की आमच्या संत्रापट्ट्यात हमखास सल्ला मिळतो, ‘चिमूटभर मोरचूद टाका.’ झाडांवरच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करायला ते घरोघरी असतेच. पण मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट; त्यातले तांबे माशांच्या कल्ल्यांवर घाव घालते, गोगलगाई आणि झिंगे तर वाचतच नाहीत. शिवाय मेलेले किडे खडीत कुजून अमोनिया वाढतो. सकाळी मासे उलटे तरंगतात आणि खापर किड्यांवर फुटते.

हे बारीक, नागमोडी पोहणारे किडे माशांना काही करत नाहीत. उरलेला दाणा आणि विष्ठा हेच त्यांचे खाणे. भारनियमनात एअर पंप बंद पडला, की खडीतला प्राणवायू आधी संपतो आणि ते वर येतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात ते ‘एकाएकी झाले’ असे वाटते. असतात ते आधीपासूनच.

उपाय सायफनचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत खडी वजा जाता साधारण ५० लिटर पाणी धरा. दर चार दिवसांनी नळी खडीत खुपसून १२ ते १५ लिटर गढूळ पाणी ओढा. एका वेळी अर्धीच खडी साफ करा; सगळी एकदम धुतली तर अमोनिया पचवणारे जिवाणूही जातात. फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, काढलेल्या पाण्यातच पिळा. नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असते, म्हणून ते पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मगच भरा. दाणा दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच. आठवड्यातून एक दिवस उपवास. तीन आठवड्यांत फरक दिसतो.

दोन किडे मात्र वेगळे. चपटा, बाणासारख्या डोक्याचा, काचेवर सरपटणारा तो प्लॅनेरिया. माशांची अंडी आणि झिंग्यांची पिल्ले खातो. त्याला काचेवर चिरडू नका, तुकड्यातून नवा तयार होतो. बारीक भोकांच्या डबीत मांसाचा तुकडा घालून रात्री तळाशी ठेवा, पहाटे उचला.

दुसरा जंत माशाच्या पोटात असतो. गप्पी स्थिर थांबला, की गुदद्वारातून लाल धागे डोकावतात. इथे औषध लागतेच: लेव्हामिसोल, लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या पेटीला १०० मिलिग्रॅम. गुरांच्या औषधांच्या दुकानात बहुधा जोडऔषध (लेव्हामिसोलमध्ये दुसरे औषध मिसळलेले) हातात देतात, ते घेऊ नका. बाटलीवरची तीव्रता वाचून पशुवैद्यकाकडून मात्रा काढून घ्या. प्रकाशात हे औषध निकामी होते, म्हणून पेटी २४ तास झाकून ठेवा. जंत मरत नाहीत, लुळे पडून गळतात, त्यामुळे २४ तास होताच तळ सायफन करून निम्मे पाणी बदला. तीन आठवड्यांनी पुन्हा हेच.

बरेचसे किडे आणि जळवा येतात नाल्यातून किंवा धरणाच्या काठावरून उपटून आणलेल्या वनस्पतींबरोबर. त्या पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवा, धुवा आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. बादलीच्या तळाशी काय जमते ते बघूनच पेटीत लावा.

– काही मत्स्यपालक, वरूड तालुका, जि. अमरावती