चुकलेल्या प्रोग्रॅमलाही गुण मिळावेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या संगणकाचा विषय निघाला की बोलणे यंत्रांच्या मोजणीवर जाते. संगणक किती, टॅब मिळाले का, इंटरनेट चालते का. मी बरीच वर्षे हा विषय शिकवते आहे आणि यंत्रांची टंचाई मीही सोसली आहे. तरी आज मला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत आपण गुण नेमके कशाला देतो?

देतो ते आउटपुटला. पडद्यावर अपेक्षित उत्तर आले की पूर्ण गुण, एरर आली की गुण कापले. मुलांना हे पहिल्या सत्रातच उमगते. मग ती प्रोग्रॅम पाठ करून येतात, अगदी कंस आणि अर्धविरामांसकट. एकदा १ ते १० आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम एका मुलाने झरझर टाइप केला. मी म्हटले, आता १ ते १२ ची कर. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘बाई, हा दिला नव्हता,’ म्हणाला. दहाच्या जागी बारा लिहायचे होते, एवढेच. वर्षभर त्याला मीच शिकवले होते, म्हणून ते वाक्य मला अजून टोचते.

याउलट एक तास सांगते. स्क्रॅच या मुलांसाठीच्या, आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत चौरस काढणे मुलांना चटकन जमते: १०० पावले पुढे, ९० अंश वळ, असे चार वेळा. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मात्र जवळजवळ प्रत्येक वर्गात तीच चूक होते. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे भूमितीत घोकलेले असते, म्हणून मुले ६० अंश वळवतात. तीन रेघा उमटतात, पण आकृती मिटतच नाही, तोंड उघडे राहते. इथे मी उत्तर सांगितले तर विषय दोन मिनिटांत संपेल. मी सांगत नाही. बाके सरकवून खडूने जमिनीवर मोठा त्रिकोण काढते आणि त्या रेघांवरून एकेकाला चालायला लावते. एका वर्षी एक मुलगी कोपऱ्यावर थांबली, पुढच्या रेघेकडे तोंड करायला वळली आणि वळता वळताच ओरडली, ‘बाई, मी तर साठपेक्षा खूप जास्त वळले!’ १८० मधून ६० गेले, राहिले १२०. पाठ केलेला कोन आतला होता, वळायचे होते बाहेरच्या कोनातून. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या कुणी ६० अंश तसेच ठेवून तीनऐवजी सहा वेळा फिरवून पाहिले, तर चक्क षटकोन आला. तीनदा १२०, चारदा ९०, सहादा ६०. दरवेळी वळणांची बेरीज ३६० होते, हे मुलांनीच मला फळ्यावर मांडून दाखवले. एवढे सगळे एका चुकीतून निघाले आणि आपल्या गुणदानात त्या चुकीची किंमत शून्य आहे.

चालून पाहण्याची ही युक्ती माझी नव्हे. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन या संशोधकांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. पुढे तिच्या आज्ञेवर जमिनीवरून फिरणारे यांत्रिक कासव आले. कासव कुठे चुकते ते कळत नसेल तर आपणच कासव होऊन चालून पाहावे, असे पॅपर्ट सांगत. प्रोग्रॅममधला बग, म्हणजे चूक, ही त्यांच्या लेखी लपवण्याची गोष्ट नव्हती, निरखण्याची होती. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली स्क्रॅच याच परंपरेतली. ती फुकट मिळते, म्हणून आपण घेतली. चुकीकडे बघण्याची ती नजर मात्र परीक्षेच्या दाराशीच अडली.

आता तर हा प्रश्न टाळण्याची सोयच उरलेली नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून शाळेच्या पातळीवरचा बहुतेक प्रोग्रॅम मागितल्याबरोबर हातात पडतो. बंदी घाला, असे शिक्षकांच्या बैठकांत ऐकू येते. घरच्या अभ्यासावर ती कोण आणि कशी पाळणार? तयार प्रोग्रॅम हा मुलाला काय येते याचा पुरावा राहिलेला नाही, हे आपण मान्य करावे. चुकलेला प्रोग्रॅम वाचून नेमकी ओळ दाखवता येते का, ती बदलली तर पडद्यावर काय दिसेल हे आधीच सांगता येते का, यावरून मात्र पुष्कळ कळते. यंत्राने लिहिलेला कोडही चुकतो आणि चुकलेला असूनही तो दिसतो नीटनेटका. तो तपासण्याची सवय शाळेत लागली नाही तर पुढे कधी लागणार?

त्यासाठी प्रत्येक मुलासमोर पडदा हवाच असेही नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणारे खेळ तयार केले आहेत. त्यातला एक माझ्या वर्गाचा फार लाडका. एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरी अशी २५ कार्डे मुलांनी पाच ओळींत हवी तशी मांडायची. मग मी ‘जरा अवघड करू’ म्हणून आणखी एक आडवी आणि एक उभी ओळ लावते, पण अशी की प्रत्येक ओळीत रंगीत कार्डे सम संख्येत येतील. माझी पाठ वळल्यावर कुणी एक कार्ड उलटले की एक आडवी आणि एक उभी ओळ विषम होते. दोन्ही मिळतात तिथेच ते कार्ड. मुलांना ही जादू वाटते. माहिती पाठवताना वाटेत बिघडलेला अंक यंत्रेही अशाच हिशेबाने पकडतात, हे कळल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

यंत्रे नकोत असे मी म्हणत नाही. पण पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा मुलांच्या हाती लॅपटॉप देऊनही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, तेवढीच. इंग्लंडने २०१४ मध्ये वयाच्या पाचव्या वर्षापासून कम्प्युटिंग हा विषय आणला आणि पुढे शिक्षकांना तयार करण्यासाठी वेगळे राष्ट्रीय केंद्र काढावे लागले.

माझी मागणी छोटी आहे. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण एका पानाला द्यावेत. त्यावर मुलाने लिहायचे: मला काय हवे होते, काय झाले, मी काय बदलले आणि का. मी वर्गात हे करून पाहिले आहे. तपासायला दुप्पट वेळ लागतो, हे लपवत नाही. आठवड्याला एका सुट्या तासिकेत ते बसत नाही, लागोपाठ दोन हव्यात. पण उतरवून काढणे खरेच कमी झाले, कारण शेजाऱ्याची चूक आपल्या पानावर लिहिली तरी तिच्यामागचे ‘का’ तोंडी परीक्षेत सांगता येत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी निदान येत्या परीक्षेत एक मोडका प्रोग्रॅम छापावा आणि खाली एवढेच विचारावे: हा कुठे चुकला, आणि तुम्ही ते कसे शोधले?

आपली,
एक संगणक शिक्षिका